वेळ, काम आणि माणसाची किंमत

(सायखेडा येथे भरलेल्या आपल्या नामदेव शिंपी ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोदातीरावरील या गावी आज आपण दूरदूरच्या ठिकाणांहून एकत्र जमलो आहोत. कोणी दुकानाला कुलूप लावून आले असतील, कोणी कचेरीतून रजा काढून, तर कोणी मुलांचा अभ्यास एक दिवस बाजूला ठेवून. आनंदाने आलेल्या या मंडळींपैकी कित्येकांच्या मनात, येथे बसल्या बसल्या, ‘आजचा दिवस बुडाला’ असा एक विचार डोकावून गेला असेल. असा विचार येणे स्वाभाविक आहे. त्याबद्दल कोणास दोष देण्याचा आमचा हेतु नाही. परंतु हा विचार येतो कोठून, तो कितपत खरा आहे आणि त्याच्यापायी आपल्या घरांतून किती माणसे मनातल्या मनात खचत आहेत, याविषयी चार शब्द बोलावे असे आम्ही योजिले आहे.

आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरी गेले असता काही वाक्ये वारंवार कानी पडतात. कर्ता पुरुष म्हणतो, ‘मरायलाही वेळ नाही.’ स्पर्धा परीक्षेला बसलेला मुलगा म्हणतो, ‘माझी दोन वर्षे वाया गेली.’ घरातील सूनबाईंना काय करता असे विचारले तर त्या सहज सांगतात, ‘मी काही करीत नाही, घरीच असते.’ आणि डोळ्यांनी सुईत दोरा ओवता येईनासा झालेले आजोबा कोपऱ्यात बसून म्हणतात, ‘आता मी नुसता खायला काळ.’ ही चार वाक्ये चार तोंडांची असली तरी त्यांच्या मुळाशी समजूत एकच आहे. माणसाने जितके नग उपसले तितकीच त्याची किंमत, आणि जो क्षण कामी लागला नाही तो फुकट गेला, ही ती समजूत होय. आपण नगावर मजुरी घेणारे लोक. म्हणून ती आपल्या अंगी इतरांहून अधिक भिनली असल्यास नवल नाही.

आम्ही आळसाची तरफदारी करण्यास उभे राहिलो आहोत असा गैरसमज मात्र कोणी करून घेऊ नये. कष्टाविना संसार चालत नाही, हे सुईदोऱ्यावर संसार उभे केलेल्या समाजाला सांगावयास नको. प्रश्न कष्टाचा नसून कष्टाच्या मापाने माणूस मोजण्याचा आहे.

प्रथम घड्याळाचाच विचार करू. आपले पूर्वज दिवसाचे साठ घटिकांत विभाग करीत. एक घटिका म्हणजे आजची २४ मिनिटे. पाण्यात तरंगणारे छिद्राचे घटिकापात्र बुडाले की घटिका भरली. लग्नाच्या मुहूर्तासाठी पळे मोजणारे हेच लोक एरवी ‘दिवस कासराभर वर आल्यावर’ भेटू असे म्हणत, आणि भेट होतही असे. पुढे आगगाडी आली, तारायंत्र आले, आणि गावोगावच्या निरनिराळ्या वेळा गैरसोयीच्या वाटू लागल्या. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरविली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे होती. मुंबईकरांनी त्याविरुद्ध मोठे काहूर उठविले. गिरणीतील कामगारांना तर ही वेळ म्हणजे ३९ मिनिटे अगोदर भोंगा वाजण्यासारखेच होते, आणि त्याच जानेवारीत काहींनी उघड निषेधही केला. मुंबईच्या नगरपालिकेने थोड्याच महिन्यांत पुन्हा मुंबईची वेळ स्वीकारली, आणि एकाच शहरात दोन वेळा चालण्याचा हा प्रकार १९५० च्या दशकापर्यंत टिकला.

आजदेखील आपल्या मनगटावरील घड्याळात बारा वाजतात, तेव्हा सायखेड्याच्या आकाशातील सूर्य माथ्यावर येण्यास सरासरीने सुमारे अर्धा तास बाकी असतो. कारण प्रमाणवेळ ८२॥ अंश रेखांशाची, आणि आपले गाव तिच्या बरेच पश्चिमेला. मग सूर्य ‘उशिरा’ येतो असे आपण म्हणतो काय? नाही. घड्याळ ही माणसांनी परस्परांच्या सोयीसाठी केलेली एक चांगली व्यवस्था आहे, एवढेच आपण म्हणतो. गाडी चुकू नये, गिऱ्हाईक ताटकळू नये, यासाठी ती पाळलीच पाहिजे. परंतु ज्या गोष्टीची सोय म्हणून योजना झाली, तिला आपल्या पात्रतेचा निवाडा करण्याचा अधिकार कोणी दिला?

आता कामाच्या तासांकडे वळू. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले, आणि आठवड्याची सुट्टी ठरलेली नसे. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली आणि सुट्टीची मागणी लावून धरली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषाचा दिवस १२ तासांवर आणला, १९२२ च्या कायद्याने आठवडा ६० तासांचा केला, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने तो ४८ तासांचा ठरविला. ज्या विश्रांतीला एके काळी नुकसान म्हणत, तीच पुढे हक्क म्हणून कायद्यात आली. म्हणजे ‘पुरेसे काम’ कशाला म्हणावे हे आकाशातून पडलेले नाही. ते माणसांनी भांडून, समजून, वेळोवेळी ठरविले आहे. आपली अडचण एवढीच, की आपल्या दुकानात मालक आपणच आणि मजूरही आपणच. गिरणीच्या मजुराला मालकाकडे सुट्टी मागता आली. आपण ती कोणाकडे मागणार? आपल्या आत जो मालक बसला आहे त्याच्याशी बोलणी केल्यावाचून आपल्याला रविवार मिळावयाचा नाही.

आपल्या धंद्याचाच दाखला घ्या. शिवणयंत्र येण्यापूर्वी पुरुषाचा एक अंगरखा हाताने शिवण्यास साधारण १४ तास लागत. यंत्रावर ते काम सव्वा तासात होऊ लागले, असा एकोणिसाव्या शतकातील हिशेब प्रसिद्ध आहे. सरळ गणित केले तर शिंप्याच्या वाट्याला रोज कितीतरी तास मोकळे यावयास हवे होते. तसे झाले काय? शिलाईचा दर उतरला, नगांची संख्या वाढली, आणि यंत्रापुढे बसलेल्या माणसाची पाठ पूर्वीइतकीच वाकली. पुढे तयार कपड्यांची दुकाने आली. लगीनसराईत आणि दिवाळीत रात्र रात्र दिवा जळतो, आणि आषाढात मशीन उभे राहते. त्या उभ्या मशीनकडे पाहून आपला बांधव म्हणतो, ‘मी मागे पडलो.’ परंतु बाजाराचा कल बदलला हे एक सत्य आहे, आणि ‘मी कमी पडलो’ हे निराळेच विधान आहे. पहिल्यावरून दुसरे निघत नाही. पहिल्यावर उपाय शोधता येतो, नवे काम शिकता येते, दोन दुकाने एकत्र करता येतात. दुसऱ्याने मात्र हात गळून पडतात, आणि मग उपायही सुचत नाहीत.

येथे ज्यांचे नाव आपला समाज अभिमानाने धारण करतो, त्या संतशिरोमणी नामदेव महाराजांचे (१२७०–१३५०) स्मरण होते. परंपरा सांगते, की घरचा शिंप्याचा व्यवसाय सोडून हा मुलगा विठ्ठलाच्या देवळात रमतो म्हणून माता गोणाई दुःखी होत, आणि पत्नी राजाई घरात धान्य नाही म्हणून कष्टी होत. दुकानाच्या वहीवरून पाहिले तर नामदेव हे त्या घरातील सर्वांत निरुपयोगी माणूस ठरले असते. आज त्यांची ६१ पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत, पंजाबात घुमान येथे त्यांचे स्थान आहे, आणि पंढरीच्या महाद्वारातील पायरीवर लाखो वारकरी माथा टेकतात. त्या दिवसांत वहीत कोणती जमा मांडता आली असती? तथापि राजाईंचे गाऱ्हाणेही खोटे नव्हते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. चूल पेटलीच पाहिजे. ज्या घरात एक जण वहीबाहेरचे काही करतो, त्या घरात दुसरे कोणीतरी त्याचे ओझे वाहत असते, आणि बहुधा ती स्त्री असते. तिचे नावही पायरीवर नसते.

म्हणूनच ‘मी काही करीत नाही’ या वाक्याकडे आम्हांस विशेष लक्ष वेधावयाचे आहे. शिरगणतीत केवळ घरकाम करणाऱ्या स्त्रीची गणना ‘काम न करणाऱ्यां’त होत आली आहे. आणि सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत काय दिसले? घरातील बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रियांचा रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यांत जातो, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. जवळजवळ पाच तास राबून ‘काही करीत नाही’ असे म्हणणारी व्यक्ती नम्र आहे असे आपण मानतो; वास्तविक ती एका चुकीच्या मापाने स्वतःला मोजीत आहे. तीच भगिनी दुपारी साडीला फॉल लावते, काज-बटण करते, तुरपाई करते, तेव्हा मिळणाऱ्या चार पैशांनी तिला वाटते की आज आपण काही केले. पैशाचे मोल आहेच. पण सकाळपासून सासूबाईंचे औषधपाणी केले, ते काय होते?

या निफाड तालुक्यात द्राक्षबागा असलेली मंडळी येथे बरीच आहेत. त्यांना वेगळे सांगावयास नको, की वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड दिसतात, माल तयार होतो, पैसा हाती येतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नुसती काडी वाढते. महिनोन्‌महिने एक मणी दृष्टीस पडत नाही. परंतु पुढच्या हंगामातील घडांची सूक्ष्म घडण त्या काळात काडीच्या डोळ्यांत होत असते, हे प्रत्येक बागाईतदार जाणतो. म्हणून उन्हाळ्यात वेलीकडे पाहून ‘ही काही करीत नाही’ असे म्हणणारा शेतकरी शोधूनही सापडणार नाही. आपण शिंपीदेखील शिवणीच्या आत दोन बोटे कापड राखतो. ते बाहेरून दिसत नाही. पण अंग भरले तर उसवून सैल करण्यास तेच उपयोगी पडते. वेलीला आणि कापडाला जी सवलत आपण देतो, ती आपल्या मुलाला देत नाही. परीक्षेत यश आले नाही की दोन वर्षे ‘वाया’ गेली असे आपणच त्याच्या कानी घालतो, आणि मग तोही तेच म्हणू लागतो.

मग करावे काय? आम्हांस एक साधी रीत सुचते. मनात असे वाक्य उठले, की ते कागदावर उतरून काढावे आणि त्याला काही प्रश्न विचारावे. उदाहरणार्थ, ‘माझी दोन वर्षे वाया गेली.’ पहिला प्रश्न : हे निखालस खरे आहे काय? परीक्षा उत्तीर्ण झालो नाही, हे खरे. पण या दोन वर्षांत वाचलेले इतिहास-भूगोल, लागलेली पहाटे उठण्याची सवय, परगावी एकट्याने राहण्याचे धैर्य, हे सारे शून्य आहे काय? दुसरा प्रश्न : हे वाक्य मानल्यावर मी कसा वागतो? आईबापांच्या दृष्टीस पडेनासा होतो, लग्नकार्यास जात नाही, मित्राच्या नोकरीचे पेढे गोड लागत नाहीत, आणि अभ्यासही होत नाही. म्हणजे वेळ वाचविण्यासाठी धरलेली समजूत वेळच खाते. तिसरा प्रश्न : हे वाक्य नसते तर आज सकाळी मी काय केले असते? बहुधा उत्तर फार साधे निघते. पुढील परीक्षेला बसावे की दुसरी वाट धरावी याचा शांतपणे विचार केला असता, आणि चहा प्यालो असतो. अखेरचा प्रश्न : हे माप मी दुसऱ्याला लावतो काय? माझ्या धाकट्या भावाला अपयश आले असते, तर त्याला मी ‘तू वाया गेलास’ असे म्हटले असते काय?

या रीतीने काही वाक्ये खरी ठरतील, हेही सांगितले पाहिजे. ‘उद्या लग्न आहे आणि वराचा कोट अजून शिवून झालेला नाही’ हे वाक्य कितीही प्रश्न विचारले तरी खरेच राहील. तेथे तत्त्वज्ञान न सांगता मशीनवर बसावे. दिलेला शब्द पाळणे हा दुसऱ्याच्या वेळेचा मान आहे. कर्जाचा हप्ता, मुलीची फी, ही देखील खरी निकड आहे. ज्याच्या घरी ती आहे त्याला ‘मनावर घेऊ नका’ म्हणणे म्हणजे क्रूर थट्टा होय. त्याला उपदेश नको, हातभार हवा. आम्ही भेद करतो तो एवढाच : काम बाकी आहे, ही कामाची स्थिति झाली. मी कमी आहे, हा माणसावरचा शेरा झाला. पहिले संध्याकाळपर्यंत संपते; दुसरे रात्री अंथरुणातही आपल्यासोबत येते.

कोणी म्हणेल, कामाने किंमत ठरवावयाची नाही तर कशाने? सायखेड्याला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे. २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षी गोदामाईचे पाणी सायखेडा-चांदोरीच्या परिसरात शिरले. अशा वेळी घरातून प्रथम कोणाला बाहेर काढतात? जो सर्वांत अधिक मिळवितो त्याला नव्हे. पाळण्यातील लेकराला, बाळंतिणीला आणि हातपाय न चालणाऱ्या आजीला प्रथम उंचावर नेतात. मशीन, कापडाचे तागे, धान्याची पोती हे सारे नंतर. त्या घटकेला आजीने आज काय केले असा प्रश्न कोणाच्या मनास शिवतही नाही. माणसाची किंमत आपण जाणतो. पूर ओसरल्यावर ती विसरतो, एवढेच.

ही जाणीव पूर नसतानाही टिकावी, यासाठी आपल्या ज्ञातीने काही गोष्टी कराव्या असे आम्ही नम्रपणे सुचवितो. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. तो चालूच राहावा. त्याच व्यासपीठावर आजारी माणसाची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या एखाद्या भगिनीचा वा बांधवाचाही सत्कार व्हावा. अपयश आलेल्या मुलांना टक्केवारी न विचारता पुढील वाट दाखविणारे एक मंडळ असावे. घरी बसून तुरपाई, काज-बटण करणाऱ्या भगिनींच्या मजुरीचे दर आपल्याच दुकानदारांनी एकत्र बसून वाजवी ठरवावे. कारण दर इतका कमी असेल की पोटासाठी रात्र जागावी लागते, तर ‘विश्रांति घ्या’ हा सल्ला पोकळ ठरतो. महिन्यातून एक दिवस गावातील आपली दुकाने एकाच वेळी बंद ठेवावी. सर्वांचीच बंद असली म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे जाण्याची धास्ती उरत नाही. आणि लग्नकार्यात तरुण माणूस भेटला तर ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्न पहिला नसावा. ‘कसा आहेस?’ हा पहिला असावा, आणि त्याचे उत्तर ऐकण्यास आपण क्षणभर थांबावे.

ज्यांच्या मनावरील ओझे याने हलके होत नाही, झोप लागत नाही, जगणे नकोसे वाटते, त्यांनी ते लपवू नये. तापाला डॉक्टर लागतो तसाच मनालाही लागतो. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा सुरू केली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. तो प्रत्येक घरात लिहून ठेवावा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

शिंप्याची टेप छाती, कंबर, बाही, उंची एवढेच सांगते. त्या मापांनी अंगाला बसणारा कपडा होतो आणि टेपेचे काम संपते. गिऱ्हाईक कसा माणूस आहे हे आपण टेपेला कधी विचारत नाही. घड्याळ आणि हिशेबाची वही यांनाही आपण तेवढेच विचारावे, त्याहून अधिक नाही.

 आता भोजनाची तयारी झाली आहे असे समजते. पंगतीत कोणीही घाई करू नये, ही विनंती.